धूळवाले आले!

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या सरकारी जीपमध्ये माणसाने करायचं काय? मोबाइलची बॅटरी संपते, शेंगदाणे संपतात, एसी तर मुळात नाहीच. मग कोणीतरी म्हणतं, "अरे, तो शिळफाट्याचा मॅनेजर आठवतो का?" आणि झालं! मानपाड्याला सुरू झालेला किस्सा कापूरबावडीला संपतो, तोवर मागच्या सीटवर दुसऱ्याला दुसरा आठवलेला असतो. ठाण्यातले रस्ते रिकामे असते ना, तर आमच्याकडे सांगायला काही उरलंच नसतं!

मी प्रदूषणाच्या सरकारी ऑफिसात फील्ड ऑफिसर आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत जिथे जिथे धूळ उडते, म्हणजे काँक्रीटचे प्लांट, खडीचे क्रशर, मोठमोठी बांधकामं, तिथे जाऊन नियम पाळले जातायत का ते बघायचं. नसतील तर नोटीस. तरी ऐकलं नाही तर काम बंद.

जीपमध्ये आम्ही चौघं. पुढे सावंत साहेब, मूळचे कुडाळचे. त्यांचा आवाज कधी चढत नाही, म्हणूनच समोरच्याला जास्त भीती वाटते. मागे मी आणि गौरव. गौरव आमच्यातला सगळ्यात तरुण इंजिनियर, रिपोर्ट मराठीत लिहितो आणि चिडतो हिंदीत. स्टिअरिंगवर म्हात्रे काका, बाळकुमचे आगरी. त्यांच्या लहानपणी जिथे भातशेती होती तिथे आता टॉवर आहेत. त्यामुळे कुठल्याही टॉवरकडे ते न विचारता घरात घुसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसे बघतात.

साईटवरची पोरं आम्हाला अधिकारी वगैरे म्हणत नाहीत. लांबूनच ओरडतात, "धूळवाले आले!" सुरुवातीला राग यायचा. आता मीच घरी फोन करून सांगते, "धूळवाली बोलतेय, उशीर होईल."

*

गाडी दिसली की पाणी सुरू, हा आमच्या कामातला पहिला धडा. प्लांटवर धूळ बसवायला पाण्याचे फवारे लावलेले असतात. ते कायम चालू पाहिजेत. पण पाणी, वीज, पंप, कोण खर्च करणार? मग आमची जीप वळणावर दिसली की कुठून तरी फोन जातो, आणि आम्ही गेटवर पोचेपर्यंत आत श्रावण!

शिळफाट्याच्या एका काँक्रीट प्लांटने आम्हाला असं कितीतरी वेळा गंडवलेलं. म्हात्रे काका वैतागले. "साहेब, गारी बघून पानी मारतान. गारीच नको नेऊ या."

मग आम्ही रिक्षाने गेलो. साहेब साध्या चेकच्या शर्टात, मी पर्स घेऊन. गेटवरच्या माणसाला वाटलं, नवरा-बायको बंगल्याच्या स्लॅबसाठी काँक्रीट बघायला आलेत. मॅनेजर स्वतः बाहेर आला, थंडा मागवला आणि सगळा प्लांट फिरवून दाखवला. आत इतकी धूळ की मॅनेजरच्या मिशा पिकल्यासारख्या दिसत होत्या.

साहेब सहज बोलल्यासारखे म्हणाले, "एवढी धूळ? कोणी तपासायला येत नाय?"

"येतात ना! पण टेन्शन नाही. कोपऱ्यावरचा चहावाला आपला माणूस आहे. त्यांची गाडी दिसली की फोन करतो. दोन मिनिटांत पाणी चालू!"

"मग आज नाही केला फोन?"

"आज कशाला करेल? आज कोण आलंय?"

साहेबांनी खिशातून ओळखपत्र काढलं. "आम्ही आलोय."

मॅनेजर थंड्याच्या बाटलीकडे असा बघत राहिला, जणू ती परत घेता येते का याचा विचार चाललाय!

*

दुसरा धडा फोनचा. कुठल्याही साईटवर नोटीस काढली की मालक खिशातून मोबाइल काढतो. "एक मिनिट हां, साहेबांशी बोला." हे साहेब म्हणजे नेमके कोण, ते आम्हाला कधीच कळत नाही. फक्त आवाज जाड असतो.

कल्याणला एका साईटवर असाच फोन सावंत साहेबांच्या हातात आला. आम्ही बाजूला कान देऊन उभे.

"हॅलो. हो साहेब. हो. हो. बरोबर आहे तुमचं. नक्की थांबवतो कारवाई." गौरवने माझ्याकडे बघितलं, त्याचं तोंड पडलेलं. साहेब शांतपणे पुढे म्हणाले, "फक्त तुमचं पूर्ण नाव आणि पद सांगा. रिपोर्टमध्ये लिहायला लागेल ना, यांच्या सांगण्यावरून कारवाई थांबवली म्हणून. हां, सांगा, लिहून घेतोय."

पलीकडून फोन कट झाला. साहेबांनी फोन मालकाला परत दिला.

"रेंज गेली वाटतं," ते म्हणाले. "सही कुठे करताय?"

*

गौरव नवीन असतानाची गोष्ट. नियम असा की साईटवरून बाहेर पडणाऱ्या ट्रकचे टायर धुऊनच तो रस्त्यावर सोडायचा, नाहीतर सगळा चिखल रस्त्यावर येतो आणि सुकला की त्याचीच धूळ. डोंबिवलीच्या एका मोठ्या साईटवर गौरव एकटा पाहणीला गेलेला. बघतो तर काय, एक ट्रक आला, दोघांनी पाइप घेऊन टायर चकाचक धुतले, ट्रक बाहेर. थोड्या वेळाने दुसरा ट्रक, परत धुलाई, परत बाहेर. मग तिसरा. साईट इंजिनियर छाती काढून उभा. "सर, आमच्याकडे सगळं रूलप्रमाणे!"

गौरव खूश. शेरा लिहायला पेन काढलं. एवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला,

"ओ साहेब, बास ना आता! सकाळपासून मलाच गोल गोल फिरवतायत. माझ्या टायरला सर्दी होईल!"

एकच ट्रक होता. मागच्या गेटने आत, पुढच्या गेटने बाहेर! बाकीचे सगळे चिखलाचे ट्रक मागे रांगेत उभे करून ठेवलेले.

गौरव ऑफिसात येऊन म्हणाला, "मॅडम, क्या टोपी पहनाया मेरेको!" पण तेव्हापासून तो साईटवर गेला की आधी मागचं गेट बघतो. आज आमच्यात त्याच्यासारखी नजर कोणाची नाही, हे साहेबही मान्य करतात. त्याच्यासमोर नाही, पण करतात.

*

खाडीच्या कडेला एका टॉवरचं काम चाललेलं. रस्त्याच्या बाजूने हिरवं कापड असं टापटीप लावलेलं की लग्नाचा मंडप वाटावा. मागच्या बाजूला मात्र काही नाही, सिमेंट सरळ वाऱ्यावर. साहेबांनी विचारलं तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "मागे कोण राहतंय, सर? मागे खाडी आहे."

"मागं आमी ऱ्हातो!"

बाई कुठून आली ते कळलंच नाही. डोक्यावर टोपली, लुगडं खोचलेलं. खाडीकाठच्या पाड्यातली होती, मासळी सुकवायला तिथेच घालायची. तिने टोपली सरळ बिल्डरच्या माणसाच्या टेबलावर ठेवली, त्याच्या ड्रॉइंगवरच. आत सुकट, राखाडी रंगाची.

"सुकट भिजवली तं नरम व्हवाला पायजे का नको?" तिने साहेबांना विचारलं.

"व्हायला पाहिजे."

"ही घट्ट व्हते!"

म्हात्रे काका इतके हसले की त्यांना जीपला टेकावं लागलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी ती टोपली बिल्डरच्या माणसाकडे सरकवली. "घरी न्या. दुपारी जेवणात घ्या. जमलं तर तुमची मागची बाजू उघडी ठेवायला मी परवानगी देतो."

मागच्या बाजूचं कापड त्याच दिवशी लागलं. त्या बाईने नंतर साहेबांसाठी चांगली सुकट पाठवली, पण साहेबांनी घेतली नाही. ऑन ड्यूटी कोणाचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा नियम. कुडाळचा माणूस आणि सुकट परत करतोय! त्या वेळचा त्यांचा चेहरा बघून मला कळलं, प्रामाणिकपणा कशाला म्हणतात.

*

आता माझ्या घरचा. आम्ही कोपरीचे. आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, म्हणून सगळे खोपटला भाड्याने राहत होतो. सोसायटीचे अध्यक्ष माझे सासरे, आमचे बाबा. एक दिवस तक्रार आली, कोपरीत एक बिल्डिंग पाडतायत, पाणी न मारता, आजूबाजूच्यांना खिडक्या उघडता येत नाहीत. पत्ता बघितला तर आमचीच!

साहेब म्हणाले, "मी गौरवला पाठवतो. तू जाऊ नकोस, घरचं प्रकरण."

मी म्हटलं, "साहेब, दुसऱ्याच्या घरी जाताना मी कधी नाही म्हटलं नाही."

गेले. तक्रार खरी होती. बिल्डरला नोटीस काढली आणि एक सोसायटीच्या अध्यक्षांना. संध्याकाळी घरी पोचले तर नोटीस माझ्या आधी पोचलेली. बाबा टीव्हीसमोर बसलेले, टीव्ही बंद. जेवायला बसलो. मी आमटीचं पातेलं घेतलं.

"बाबा, आमटी वाढू?"

"आत्ता वाढतेस, की सुनावणीनंतर?"

सुनावणीला बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मला "मॅडम" म्हणाले. मी त्यांना "अध्यक्ष महोदय, आपण बसा" म्हटलं. त्यांनी बिल्डरकडून सगळ्यांसमोर कबूल करून घेतलं की पाणी मारल्याशिवाय एक वीटही पडणार नाही. सगळं रीतसर झालं. बाहेर पडताना ते दारात थांबले, मागे वळले.

"मॅडम, घरी येताना कोथिंबीर आणा."

आता कोपरीत कोणीही भेटलं की ते सांगतात, "मला नोटीस आलेली, माहितीये? कोणी दिली विचारा!" विचारणारा विचारतो. मग बाबा माझं पूर्ण नाव सांगतात, हुद्द्यासकट.

*

सगळेच किस्से हसण्यासारखे नाहीत. शिळफाट्याच्या पुढे एक खडीचा क्रशर होता. शेड नाही, फवारा नाही, दगड फुटला की पांढरा ढग. नोटिसा देऊन झाल्या, मालकाने उत्तर दिलं नाही. शेवटी बंदचा आदेश घेऊन गेलो, वीज तोडायला माणसं बरोबर घेतली. मशीन थांबलं, आणि आम्ही जीपमध्ये बसून निघणार तर गेटवर डंपर आडवा! मालक केबिनमध्ये बसून बघत होता. कामगार जीपभोवती जमले.

सगळ्यात पुढे एक बाई होती, कमलबाई, बीडकडची. केसांपासून पायांपर्यंत पांढरी, फक्त डोळे तेवढे दिसत होते. तिने जीपच्या बॉनेटवर हात आपटला.

"तुमी जाशीला निघून. आमी खायाचं काय?"

ती चुकीचं काय बोलत होती? गौरवने हळूच पोलिसांना फोन लावायला घेतला. साहेब म्हणाले, "वायच थांब." दार उघडून खाली उतरले आणि सरळ खडीच्या ढिगावर जाऊन बसले, त्या सगळ्यांच्या मधोमध. तिथूनच त्यांनी मालकाला हाक मारली. मालकाला केबिनमधून बाहेर यावंच लागलं.

"शेड आणि फवारे लावल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. हे तर ठरलं. आता ते लावणार कोण?"

"कॉन्ट्रॅक्टर आणीन बाहेरून."

"बाहेरून कशाला? ही माणसं आहेत ना. खडी फोडणं बंद आहे, काम बंद आहे असं कोणी सांगितलं? खड्डे खणणं, पत्रे चढवणं, पाइप टाकणं. यांनाच लावा, हजेरी चालू ठेवा. मला कबूल आहे. तुम्हाला?"

मालकाने कामगारांकडे बघितलं. कामगार मालकाकडे बघत होते. बॉनेटवरचा हात काढून कमलबाई त्याच्याकडे वळली.

"मालक, व्हय म्हना की!"

डंपर हलला. जीप बाहेर निघाली तेव्हा मी म्हटलं, "मी तर घाबरलेच होते." म्हात्रे काका म्हणाले, "मी पन," आणि मग आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं.

शेड उभी राहिली. मालक हजेरीचा शब्द पाळतोय का, ते बघायला साहेब मध्ये दोनदा उगाचच तिकडून चक्कर मारून आलेले. फवारे चालू झाले, तपासणी झाली, आदेश उठला. त्या दिवशी निघताना एक बाई जीपजवळ आली. मी ओळखलंच नाही. तिने हसून बॉनेटवर हलकेच थाप मारली, तेव्हा कळलं, कमलबाई!

"म्याडम, काल घरी गेले तर माजी धाकटी लेक माज्याकडं बघतच ऱ्हायली. म्हनली, आये, तू सावळी हायेस व्हय!"

परतीच्या रस्त्यात कल्याण फाट्याला भयंकर ट्रॅफिक होता. म्हात्रे काकांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.

*

आणि लिमये बाई! डोंबिवली पूर्वेला राहतात, रिटायर्ड शिक्षिका, मराठी शिकवायच्या. त्यांच्या बिल्डिंगसमोर एक काँक्रीटचा प्लांट. ऑफिस उघडलं की पहिला फोन त्यांचाच.

"मी लिमये बोलते. धूळ आजही माझ्या खिडकीत आलेली आहे. तुम्ही मात्र आलेला नाहीत."

आम्ही प्लांटला नोटीस दिली. बाईंनी त्याची प्रत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी प्रत परत आली, लाल पेनाने तपासलेली! सोबत फोन. "नोटीस कोणी लिहिली?"

गौरव चाचरत म्हणाला, "मी, बाई."

"धूळ लिहिताना धू दीर्घ. पण धुळीचे, धुळीने, धुळीमुळे, इथे धु ऱ्हस्व होतो. तुम्ही सगळीकडे दीर्घ केलाय. ज्या गोष्टीवर कारवाई करता, ती निदान लिहिता तरी आली पाहिजे!"

गौरव त्यांना इतका घाबरायचा की फोन वाजला की खुर्चीतून उठून उभा राहायचा. पण बाईंचं चुकत नव्हतं. प्लांटवाले महा चिवट. एक गोष्ट सुधारायचे, दुसरी सोडून द्यायचे. आम्हीही सोडलं नाही. जात राहिलो, लिहीत राहिलो, एकदा प्लांट बंदही केला. शेवटी त्यांनी खडी वाहणारा सगळा पट्टा झाकला, बंदिस्त शेड घातली, आतला रस्ता पक्का केला.

आणि एक दिवस बाईंचा फोन आला नाही.

पहिल्या दिवशी गौरवने ऑफिसात सगळ्यांना कटिंग चहा पाजला. दुसऱ्या दिवशी पण फोन नाही. आठवडा गेला. गौरव फोनकडे बघत बसायला लागला. एकट्या राहतात, वय झालेलं. कोणी तसं बोललं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच.

"साहेब," गौरव म्हणाला, "डोंबिवलीला जातोच आहोत, तर एकदा वर जाऊन येऊ या?"

चौघेही गेलो. म्हात्रे काका कधी वर येत नाहीत, त्या दिवशी आले. बेल वाजवली. बराच वेळ काही नाही. मग कडी सरकली. दारात बाई, ताठ उभ्या.

"या. उशीर केलात."

गौरवच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बाई, फोन का नाही केलात? आम्ही किती घाबरलेलो!"

"तक्रार नव्हती. तक्रार नसताना सरकारी माणसाचा वेळ घेणं मला पसंत नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "आत या. काहीतरी दाखवायचं आहे."

हॉलची खिडकी सताड उघडी होती. आम्ही आधी आलेलो तेव्हा तिच्या फटींना वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या. बाईंनी पांढऱ्या रुमालाने खिडकीची चौकट पुसली आणि रुमाल आमच्यासमोर धरला. स्वच्छ! मग त्यांनी बाहेर बोट दाखवलं. लांबवर, उन्हात, मलंगगड. अख्खा. कोरून ठेवल्यासारखा.

"इथून गड दिसतो, हे मी विसरूनच गेले होते," बाई म्हणाल्या.

आम्ही चौघं त्या खिडकीत दाटीवाटीने उभे राहून बघत राहिलो. साहेबांनी चष्मा काढून पुसला. नोकरीत पगार मिळतो, कधीमधी शाबासकी मिळते, पण आपल्या कामामुळे एखाद्याला डोंगर परत मिळाला, हे किती जणांच्या नशिबात असतं?

"नीट पाहिलात?" बाईंनी विचारलं.

"हो बाई."

"सुंदर आहे ना?"

"खूपच सुंदर, बाई."

"मग आता त्याच्या अलीकडची ती टेकडी पाहा. उजव्या अंगाला पांढरं काहीतरी वर चाललंय. काय आहे ते?"

साहेबांनी चष्मा परत लावला. बराच वेळ बघितलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "क्रशर असावा, बाई."

बाईंनी गौरवसाठी खुर्ची ओढली.

"बसा. तक्रार लिहून घ्या. इतकी वर्षं या धुळीआड ती धूळ लपून बसली होती!"